मॅच रेसिंग: दोन शिडाच्या बोटी, चार मिनिटांची झटापट आणि नियमांचं हत्यार

शिडवाला

अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या स्पर्धेच्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं होतं, की शर्यत सुरू व्हायच्या आधी त्या बोटी एकमेकींभोवती गोल गोल का फिरतात आणि मध्येच थांबून मागे का वाहत जातात. तिथे चार ओळींत सांगणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

नेहमीची शर्यत म्हणजे फ्लीट रेस. वीस-तीस बोटी एकदम सुटतात आणि सगळ्या शर्यती झाल्या की गुणांची बेरीज होते. तिथे शहाणा माणूस भांडण टाळतो, कारण दोघं भांडत बसले की मागचे दहा पुढे निघून जातात. मॅच रेसमध्ये तिसरा कुणी नसतोच. दोनच बोटी, शक्यतो हुबेहूब सारख्या. किती वेळात पोचलात याला काडीची किंमत नाही. समोरचा तुमच्या मागे राहिला पाहिजे, बस. एकदा हे पटलं की बाकीचं उलगडत जातं. आपण जोरात जाण्याइतकीच समोरच्याला रखडवणं ही चाल होते, आणि रखडवायचं हत्यार म्हणजे नियमावली.

नियम तीन-चारच ठेवा डोक्यात. वारा उजवीकडून येत असेल तर बोट स्टारबोर्ड टॅकवर, डावीकडून येत असेल तर पोर्टवर. पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्यापासून दूर राहायचं (नियम १०). दोघी एकाच टॅकवर आणि शेजारी शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या बोटीने खालच्या (म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या) बोटीपासून दूर राहायचं (नियम ११). मागच्याने पुढच्यापासून दूर राहायचं (नियम १२). आणि नाक वाऱ्याच्या रेषेपलीकडे नेऊन टॅक घेणाऱ्याने (म्हणजे बोट वाऱ्यातून वळवून वारा दुसऱ्या अंगाला घेणाऱ्याने), टॅक पुरा होईपर्यंत, सगळ्यांपासून दूर राहायचं (नियम १३). नियमावली वर्ल्ड सेलिंगची, दर चार वर्षांनी सुधारते, सध्याची २०२५ ते २०२८ ची. तिच्या शेवटी परिशिष्ट सी आहे, ते खास मॅच रेसिंगसाठी.

आता सुरुवात. एक बोट निळा झेंडा लावते, दुसरी पिवळा. सुरुवातीच्या रेषेकडे तोंड करून वाऱ्याच्या दिशेने बघा: निळीला डावं टोक, पिवळीला उजवं. शर्यत सुटायला चार मिनिटं असताना दोघी आपापल्या टोकाबाहेर असायला हव्यात, आणि पुढच्या दोन मिनिटांत रेषा ओलांडून खालच्या बाजूला यायला हवं. पिवळी उजवीकडून येते म्हणजे आपसूक स्टारबोर्डवर, हक्क तिचा. निळी पोर्टवर, जीव मुठीत. निळीला पिवळीच्या नाकासमोरून निसटता आलं तर उत्तम. नाही आलं तर पिवळी तिच्या अंगावर येते आणि निळीला वाऱ्यात तोंड खुपसून थांबावं लागतं. पिवळीही थांबते. यालाच डायल-अप म्हणतात. तुम्ही विचारत होता ते 'थांबून मागे वाहणं' हेच.

टीव्हीवर हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण खरी गंमत इथेच आहे. दोघींची शिडं फडफडताहेत, वेग शून्य. निळी डावीकडे, पिवळी उजवीकडे, मधे जेमतेम हातभर पाणी. निळीचं नाक वाऱ्याच्या रेषेच्या अलीकडे आहे तोवर ती पोर्टवरच, म्हणजे तिनेच जपायचं. नाक पलीकडे गेलं की तिचा टॅक सुरू, तेव्हाही तिनेच जपायचं. पण वाकत वाकत ती स्टारबोर्डच्या क्लोज-हॉल्ड (वाऱ्याच्या जमेल तितकं जवळून जायच्या) दिशेला पोचली की त्या क्षणी डाव उलटतो. आता दोघी स्टारबोर्डवर, निळी खालची, पिवळी वाऱ्याकडची. जपायचं पिवळीने! नाकाच्या थोड्याशा अंशांच्या फरकाने हक्क या बोटीकडून त्या बोटीकडे. फक्त निळीने हक्क नव्याने मिळवला असल्यामुळे पिवळीला बाजूला व्हायला सुरुवातीला जागा द्यावी लागते (नियम १५). आणि कुणी शीड उलटं धरून बोट मुद्दाम मागे ढकलत असेल, तर मागे जाताना जपायची जबाबदारी त्याच्यावर.

जो आधी वैतागून एका बाजूला पडतो तो बहुधा हरतो, कारण दुसरा लगेच त्याच्या शेपटीवर बसतो. शेपटीवर बसलेली बोट पुढच्याला वळू देत नाही. डावीकडे वळायला गेला तरी आड येते, उजवीकडे गेला तरी आड येते. मग त्याला रेषेपासून लांब लांब हाकलत न्यायचं आणि घड्याळ बघून नेमक्या वेळी सोडून द्यायचं.

पेनल्टी, झेंडे आणि वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यातले डावपेच पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवायला बोलावताहेत.

टिवल्या

म्हणजे पाण्यावरची कबड्डी. चढाईवाला रेषा ओलांडून येतो, आणि त्याला परत जाऊ द्यायचं की धरायचं ते ठरवायचं. :) वाचनखूण साठवली.

पण एक शंका. पिवळीला उजवं टोक आणि आयता हक्क, निळीला नुसती पळापळ. हा अन्याय नाही का?

शिडवाला

@टिवल्या, एकट्या शर्यतीपुरता आहेच. म्हणून एकाच जोडीच्या लागोपाठ शर्यती असतात तेव्हा टोकं बदलत जातात. आज तू निळा, पुढच्या वेळी मी. शिवाय कसलेले लोक निळ्या टोकाकडूनही छान निसटतात. आत येताना वेग नीट राखला तर पिवळीसमोरून पार होता येतं, आणि मग उजवी बाजू निळीची. ही उजवी बाजू का एवढी प्यारी, ते पुढे येईलच.

खारा_वारा

चांगला धागा. मी कुलाब्याच्या बाजूला डिंगी (छोटी शिडाची बोट) चालवतो, फ्लीटमध्येच. एक भर घालतो, कारण वरचं वाचून लोकांना वाटेल की हक्क असला की समोरच्याला ठोकलं तरी चालतं. तसं नाही. नियम १४: शक्य असेल तर धडक टाळायचीच, हक्क कुणाचाही असो. आणि नियम १६: हक्कवाल्याने दिशा बदलली तर समोरच्याला दूर व्हायला जागा द्यायची. मॅच रेसिंगमधले निम्मे वाद या सोळा नंबरवर होतात असं माझं मत. पिवळी निळीच्या अंगावर वळते, निळी ओरडते "जागाच दिली नाही", पिवळी ओरडते "तू हललाच नाहीस".

मग खरं कुणाचं, हे कोण ठरवणार?

पंच_पक्वान्न

@खारा_वारा, ते आम्ही ठरवतो. :) मॅच रेसचं पंचांचं शिक्षण घेतलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

प्रत्येक जोडीमागे पंचांची एक वेगळी मोटरबोट असते. तिच्यात सहसा दोन पंच. त्यातला एक 'निळी' होतो, दुसरा 'पिवळी', आणि दोघं शर्यतभर मोठ्याने बोलत राहतात. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल यांना वेड लागलंय. साधारण असं:

"मी पिवळी. स्टारबोर्ड. हक्क माझा."
"मी निळी. पोर्ट. मी जपतेय."
"मी खाली वळतेय, तुला जागा देतेय."
"मी वर चाललेय... वाऱ्याच्या रेषेवर... पलीकडे गेले. टॅक घेतेय, जपतेय."
"मी सरळ."
"टॅक पुरा. आता मी खालची. हक्क माझा."
"मान्य. मी वाऱ्याकडची, बाजूला होतेय."

असं बोलत राहिलं की भांडण पेटतं त्या क्षणी दोघांच्या डोक्यात एकच चित्र असतं. मग एखादी बोट वाय झेंडा दाखवते (लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचा, म्हणजे 'माझी तक्रार आहे'), आणि आम्ही लगेच, पाण्यावरच, निकाल देतो. हिरवा-पांढरा झेंडा म्हणजे पेनल्टी नाही. निळा किंवा पिवळा झेंडा म्हणजे त्या रंगाच्या बोटीला पेनल्टी. त्याच्यासोबत लाल झेंडा आला तर पेनल्टी ताबडतोब भोगायची. काळा झेंडा म्हणजे घरी जा.

आणि खात्री नसेल तर? आम्ही एक तत्त्व पाळतो. शेवटची खात्रीची स्थिती धरायची. निळी पोर्टवर होती याची खात्री असेल, आणि ती पलीकडे गेली का याबद्दल शंका असेल, तर ती अजून पोर्टवरच आहे असं मानायचं. दोघा पंचांचं एकमत झालं नाही तर हिरवा-पांढरा. शंकेवर कुणाला शिक्षा नाही.

चहाबाज

वकील, न्यायाधीश, जागेवर निकाल. शर्यत आहे की तहसील कचेरी?

पंच_पक्वान्न

@चहाबाज, हसू नका. इयन विल्यम्स नावाचा ब्रिटिश खेळाडू मॅच रेसिंगचा अनेक वेळचा जगज्जेता आहे. आधी पेशाने वकीलच होता.

चहाबाज

(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

शिडवाला

जेवण झालं. पेनल्टीकडे येतो. इथे मॅच रेसिंगची खरी चव आहे.

शिक्षा साधी: बोटीची एक जादा गिरकी. वाऱ्याविरुद्ध जाताना असाल तर जाइब मारून (बोटीची शेपूट वाऱ्यातून वळवून) परत क्लोज-हॉल्डला यायचं. वाऱ्यासोबत खाली जाताना असाल तर टॅक घेऊन परत खाली वळायचं. पण ती लगेच घ्यायची सक्ती नाही (लाल झेंडा असल्याखेरीज). खिशात ठेवून शर्यत पुरी करता येते. शेवटची रेषा ओलांडण्याआधी भोगली म्हणजे झालं. अट एवढीच की मार्कजवळच्या (मार्क म्हणजे वळायची खूण, बोया) दोन बोटलांबीच्या वर्तुळात गिरकी घ्यायची नाही. खिशात दोनच मावतात. तिसरी मिळाली की काळा झेंडा.

खरी गंमत पुढे आहे. माझ्याकडे एक पेनल्टी शिल्लक आहे आणि तेवढ्यात तुला एक मिळाली, तर दोघांच्याही रद्द होतात. वजाबाकी. म्हणजे पेनल्टी घेऊन पुढे असलेली बोट शर्यतभर एकाच नादात असते, मागच्याला कसं फसवून गुन्हा करायला लावता येईल. आणि मागचाही एका नादात, याच्या जवळ जायचंच नाही. फ्लीटमध्ये हे बघायलाच मिळत नाही.

वाऱ्याविरुद्धचा टप्पा. पुढे असलात तर कव्हर करा, म्हणजे मागच्याच्या आणि वाऱ्याच्या मधे राहा. तुमच्या शिडांनी नासवलेला वारा त्याच्या वाट्याला येतो, तो टॅक घेऊन पळतो, तुम्हीही टॅक घेता, पुन्हा त्याच्या डोक्यावर. मागे असलात तर टॅकवर टॅक घ्या आणि त्याची माणसं थकवा. एखादी विंच (दोर ओढायची चरखी) अडकली, एखाद्याचा हात निसटला की सुटलात. खोटा टॅकही असतो. वाऱ्याच्या रेषेपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. समोरचा फसून पुरा टॅक घेतो आणि तुम्ही मोकळ्या वाऱ्यात.

आणि उजवी बाजू. मॅच रेसमध्ये वरचा मार्क सहसा उजव्या हाताला ठेवून वळतात, फ्लीटमध्ये बहुतेक वेळा डाव्या. त्यामुळे शेवटी सगळे पोर्टवरून मार्ककडे येतात. त्या वेळी उजवीकडून स्टारबोर्डवर येणारी बोट पोर्टवाल्याला सरळ अडवते, वळायला लावते. म्हणून पहिल्या टप्प्यात दोघीही उजवीकडे जायला जीव टाकतात. डावीकडचा वारा थोडा बरा असला तरी.

वेंगुर्ल्याचो_भाऊ

माका ह्या टॅक-जाइब काय एक कळणा नाय. पण दुसऱ्याचो वारो नासवून त्येका मागे ठेवची खोड आमच्या गावात बऱ्याच जणांक आसा, बोट नसताना पण.

(मस्त धागा हां शिडवालेनु. फुडे लिवा.)

अनुजा_मेलबर्न

इकडे राहून १९८३ बद्दल न लिहिणं शक्य नाही. शिडवालेकाका तुम्ही लिहाल असं वाटलं होतं, पण मीच लिहिते.

अमेरिका कप १८५१ मध्ये आइल ऑफ वाइटभोवतीच्या शर्यतीत 'अमेरिका' नावाच्या बोटीने जिंकला. तो न्यूयॉर्क यॉट क्लबकडे गेला आणि १३२ वर्षं कुणाच्या हाती लागला नाही. १९८३ साली ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला 'ऑस्ट्रेलिया-२' आली. रचना बेन लेक्सनची, सुकाणूवर जॉन बर्ट्रंड. बोटीच्या बुडाला पंखवाली कील (बुडाखालचा जड पाट) होती आणि ती सगळा उन्हाळा कापडाच्या घागऱ्याआड लपवून ठेवली होती. समोर डेनिस कॉनरची 'लिबर्टी'. सातांतल्या चार शर्यती जिंकणारा विजेता. कॉनर ३-१ ने पुढे होता, म्हणजे एकच हवी होती. ऑस्ट्रेलिया-२ ने दोन ओढून बरोबरी केली आणि २६ सप्टेंबरला सातवी झाली.

सहा टप्पे. चौथा संपला तेव्हा लिबर्टी ५७ सेकंद पुढे. मॅच रेसमध्ये एवढी आघाडी असली की लोक झोपायला जातात. पाचवा टप्पा वाऱ्यासोबत खाली जायचा, आणि तिथे ऑस्ट्रेलिया-२ पुढे निघून गेली. मग शेवटच्या वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यात कॉनरने सुटण्यासाठी ४७ टॅक घेतले. बर्ट्रंडने त्याला मान वर काढू दिली नाही. शेवटी फरक ४१ सेकंदांचा.

त्या दिवशी पंतप्रधान बॉब हॉक टीव्हीवर म्हणाले होते की आज कामावर आला नाही म्हणून जो मालक कुणाला काढेल तो नालायक. इकडचे जुने लोक अजून ते वाक्य ऐकवतात.

खारा_वारा

@अनुजा_मेलबर्न, छान लिहिलंत. फक्त या सातव्या शर्यतीबद्दल मला कायम एक टोचतं. कॉनर हा काही नवशिका नव्हता, कपाच्या शर्यतींत मुरलेला माणूस. पाचव्या टप्प्यात त्याने ऑस्ट्रेलिया-२ ला मोकळं सोडलं, ती स्वतःचा वारा शोधायला गेली, आणि तिला तो सापडला. शिडवाले वर म्हणतात 'पुढे असलात तर कव्हर करा'. मॅच रेसिंगचं पहिलं सूत्र, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत तेच सुटलं.

शिडवाला

@खारा_वारा, मी इथे कॉनरची बाजू घेणार. वाऱ्याविरुद्ध जाताना कव्हर करणं म्हणजे मागच्याच्या वर बसणं. पण खाली जाताना वारा मागून येतो. मागची बोटच पुढच्याचा वारा अडवते! म्हणजे पुढे असलेल्याच्या हातात कव्हर करायचं हत्यारच नसतं. फार तर तो मागचा जाईल त्या बाजूला जाऊ शकतो, म्हणजे नशीब सारखं वाटून घेणं. शिवाय त्या हलक्या वाऱ्यात खाली जाताना ऑस्ट्रेलिया-२ सरळ वेगवान होती. कॉनर तिच्यासोबत गेला असता तरी ती मागून येऊन त्याच्या वाऱ्यावर बसली असती, असं मला वाटतं. तो दुसऱ्या बाजूला चांगला वारा मिळेल या आशेवर गेला. जुगार होता, पण वेडेपणा नव्हता.

खारा_वारा

पटलं नाही. ५७ सेकंदांची आघाडी असताना जुगार कशाला? सोबत गेला असता आणि मागे पडला असता तरी थोडाच पडला असता, शेवटच्या टप्प्यात झुंजायला काहीतरी उरलं असतं. मोकळं सोडलं म्हणून ती पुढे जाऊन वर बसली आणि ४७ टॅक वाया गेले.

शिडवाला

ठीक. हे आपण दोघं कधी भेटलो तर चहावर भांडू.

गणितवाली

माझा प्रश्न वेगळा. आता जे अमेरिका कप दाखवतात त्यात बोटी पाण्याच्या वर उडतात. तिथे हे सगळं, डायल-अप, शेपटीवर बसणं, खोटा टॅक, उरलंय का? मला तरी २०२४ च्या बार्सिलोनात नुसता वेगच दिसला. न्यूझीलंडने ब्रिटिशांना ७-२ हरवलं, पण लढत अशी वाटलीच नाही.

शिडवाला

@गणितवाली, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. फॉइलवर (पाण्याखालच्या पंखांवर) उडणाऱ्या एसी७५ बोटीला वाऱ्यात तोंड खुपसून थांबवलं तर ती पाण्यात पडते, आणि पुन्हा उठायला वेळ लागतो. त्यामुळे जुना डायल-अप मेला. पण मॅच रेसिंग मेलं नाही, जागा बदलली. २०२१ ची ऑकलंडची मालिका बघा. सहा शर्यतींनंतर ३-३. आठव्या शर्यतीत इटलीच्या लुना रोसाने न्यूझीलंडला आपल्या नासवलेल्या वाऱ्यात पकडलं आणि न्यूझीलंडची बोट फॉइलवरून खाली पडली. लुना रोसा प्रचंड पुढे निघून गेली. लोक टीव्ही बंद करायच्या बेतात असताना लुना रोसाच पडली आणि न्यूझीलंड उडत शेजारून निघून गेली. शेवटी मालिका न्यूझीलंडने ७-३ जिंकली. म्हणजे घाणेरड्या वाऱ्याचं हत्यार उडत्या बोटींवर जास्तच जबरी झालंय. पूर्वी त्याने थोडी बोटलांबी जायची, आता अख्खी शर्यत जाते.

लुना रोसावर तेव्हा दोन सुकाणूवाले होते, स्पिटहिल एका बाजूला आणि ब्रूनी दुसऱ्या. टॅक घेताना बाजू बदलायला धावायला नको म्हणून. मॅच रेसिंगच्या टॅकांच्या मारामारीत तेही कामाला येतं.

गणितवाली

हो, ती आठवी शर्यत मी पाहिली होती. ते शेवटचं उलटं झालेलं विसरणं शक्य नाही. मान्य. पण तरी मला सारख्या, साध्या बोटींवरचं जास्त आवडेल. तसं कुठे बघायला मिळतं?

पंच_पक्वान्न

@गणितवाली, खूप ठिकाणी. कॅलिफोर्नियात लाँग बीचची काँग्रेशनल कप १९६५ पासून चालू आहे, विजेत्याला किरमिजी कोट मिळतो. स्वीडनमध्ये मारस्ट्रांडला, बर्म्युडाला, अशा जुन्या स्पर्धा आहेत. तिथे आयोजक सारख्या बोटी देतात आणि खेळाडू दिवसभर बोटी बदलत राहतात, म्हणजे बोटीवर खापर फोडायची सोय नाही.

ऑलिंपिकमध्येही थोडं येऊन गेलं. सोलिंग वर्गात १९९२ ते २००० मॅच रेस होती. आणि २०१२ ला वेमथमध्ये महिलांची स्वतंत्र मॅच रेस, एलियट ६ बोटींवर. स्पेनने अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवलं. रिओला मात्र हा प्रकार वगळला आणि तो परत आलाच नाही. माझ्या मते मोठी चूक, कारण किनाऱ्यावरून बघणाऱ्याला कळेल असा शिडांचा हा एकच खेळ आहे. जो पुढे तो जिंकतोय. गुणांची बेरीज नको, काही नको.

अनुजा_मेलबर्न

+१. इथे त्या वेमथच्या फायनलची चुटपुट अजून आहे.

टिवल्या

आपल्याकडे?

खारा_वारा

@टिवल्या, २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये मॅच रेसिंग होतं आणि भारताला त्यात कांस्य मिळालं. फारसं कुणाला माहीत नाही. एरवी आपल्याकडे बहुतेक शर्यती फ्लीटच्याच. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, सीबर्ड वर्गाच्या जुन्या बोटी अजून बंदरात पळतात. नौदलाची, लष्कराचीही केंद्रं आहेत. पण मॅच रेससाठी सारख्या बोटी, पंच आणि पंचांच्या मोटरबोटी हव्यात. खर्च बोटींपेक्षा त्या भोवतालचा जास्त.

एक सांगतो, मुंबई बंदरात सुरुवातीचा खेळ वेगळाच रंगतो. उधाणाची भरती-ओहोटी इतकी जोरदार की पाणीच तुम्हाला वाहून नेतं. ओहोटी रेषेकडे ओढत असेल आणि तुम्ही डायल-अपमध्ये शिडं फडफडवत थांबला असाल, तर वारा मागे ढकलतोय आणि पाणी पुढे नेतंय. घड्याळावर तीस सेकंद शिल्लक आणि तुम्ही रेषेच्या वर! मग परत खाली यायला लागतं, आणि शर्यत सुटल्यावरही परत येत असाल तर बाकीच्यांपासून जपावं लागतं. आम्ही सरावाला दोन सारख्या डिंगी घेऊन हेच करतो, शर्यत नाही, नुसती शेवटची चार मिनिटं, परत परत. हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून वारा लागला की. नवख्यांना मी हेच सांगेन. मार्क, बोया, काही नको. दोन बोटी आणि दोन डबे पाण्यात, रेषा तयार.

टिवल्या

भारी. मग आता परीक्षा घेतो. शेवटचा टप्पा, वाऱ्यासोबत खाली, रेषा समोर. निळी दोन बोटलांबी पुढे, पण खिशात एक पेनल्टी. गिरकीला दोनपेक्षा जास्त लांबी जाणार. निळीने काय करावं?

खारा_वारा

पिवळीला गुन्हा करायला लावायचं. निळीने जाइब मारून स्टारबोर्डवर यावं, आणि पिवळी पोर्टवर असेल तर तिच्यावर चालून जावं. नियम १०. पिवळीने जपलं नाही की पेनल्टी, आणि दोघींच्या रद्द.

पंच_पक्वान्न

बरोबर, पण नियम १६ विसरू नका. जाइब मारून नुकताच हक्क मिळाला आणि वर वळत चाललात, तर पिवळीला दूर व्हायला जागा द्यावी लागेल. घाई केलीत तर हिरवा-पांढरा झेंडा दिसेल, किंवा त्याहून वाईट, दुसरी पेनल्टी तुम्हालाच.

गणितवाली

आणि पिवळी काय मूर्ख आहे का? मी पिवळी असते तर जवळ गेलेच नसते. निळी ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूला. दोन लांबी मागे राहून सरळ रेषेकडे. निळीला कधी ना कधी गिरकी घ्यावीच लागणार.

शिडवाला

@गणितवाली, शंभर टक्के. निळीने पेनल्टी न भोगता रेषा ओलांडली तर तिची शर्यत संपलीच नाही असं धरतात. परत मैदानात यायचं, गिरकी घ्यायची, मग पुन्हा ओलांडायची. म्हणजे पिवळीला घाई काहीच नाही.

म्हणून निळीकडे खरी चाल एकच उरते. पिवळी लांब पळतेय तोवर तिलाही लांब जाऊ द्यायचं आणि मधल्या काळात आपल्या बाजूला बरा वारा मिळतो का बघायचं. दोनच्या चार लांबी झाल्या की रेषेच्या ऐन तोंडाशी गिरकी, आणि ओलांडणं. हो, म्हणजे तोच कॉनरचा जुगार. @खारा_वारा, इथे तरी मान्य?

खारा_वारा

इथे मान्य. कारण इथे गमावण्यासारखं काही नाही. कॉनरकडे ५७ सेकंद होते.

टिवल्या

पुढचा प्रश्न: पिवळीच्याही खिशात एक असेल तर?

पंच_पक्वान्न

@टिवल्या, तसं होऊच शकत नाही. एकीकडे शिल्लक असताना दुसरीला मिळाली की दोन्ही रद्द, वर लिहिलंय. अपवाद लाल झेंड्याच्या पेनल्टीचा, ती अशी वजा होत नाही. पण ती लगेच भोगायची असल्यामुळे खिशात राहतच नाही.

टिवल्या

अरे हो. बरं, रविवारी कुलाब्याला येऊ का? डबे मी आणतो.

खारा_वारा

या. ओहोटी किती वाजता आहे ते बघून वेळ कळवतो. डबे झाकणाचे आणा, मागच्या वेळचे बुडाले.